निकेल रिकव्हरी युनिट, वर्ष होत आलं: निकेल परत मिळतं, पण तो खालचा व्हॉल्व्ह!

दिवाळीच्या तोंडावर ॲसिडचा डोसिंग पंप बंद पडला, तेव्हाच ठरवलं की धुण्याच्या पाण्यातलं निकेल पकडून परत देणाऱ्या या युनिटबद्दल सविस्तर लिहायचं. भोसरीत आमचं छोटं निकेल-क्रोम प्लेटिंगचं शॉप आहे. सणाआधी एक जिग (वस्तू टांगायची चौकट) रिकामी राहत नाही. नेमका तेव्हा कॉलम (निकेल पकडणाऱ्या मण्यांचा उभा नळ) भरलेला आणि रीजनरेशन, म्हणजे ॲसिडने ते निकेल सोडवून घेणं, अडकलेलं. सर्व्हिसला फोन केला तर उत्तर आलं, "साहेब, तुम्ही एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेतलेली नाही, व्हिजिटचे पैसे आधी भरा." वॉरंटी चालू होती! बरीच वादावादी झाली, वॉरंटीचं पान मेलवर पाठवलं, तेव्हा कुठे माणूस आला. निघालं काय, तर डायफ्राम, म्हणजे पंपातला पडदा, फाटलेला. युनिटबरोबर एक जास्तीचा डायफ्राम दिला असता तर आमच्याच माणसाने अर्ध्या तासात बदलला असता.

हे युनिट घेण्यामागचं कारण सरळ आहे. मार्च 2022 मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला 1 लाख डॉलरच्या वर गेलं आणि 8 मार्चला व्यवहार थांबवावे लागले. तेव्हापासून रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर वस्तू धुण्याचं, हिरवट पाणी बघितलं की पैसे वाहताना दिसायला लागले. वॉट्स बाथमध्ये (निकेल प्लेटिंगच्या नेहमीच्या द्रावणात) लिटरला 240 ते 300 ग्रॅम निकेल सल्फेट असतं आणि प्रत्येक जिग त्यातलं थोडं अंगाला लावून रिन्समध्ये नेते. मग ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) कॉस्टिक सोडा टाकून तेच निकेल खाली पाडायचं, फिल्टर प्रेसमधून गाळ काढायचा आणि घातक कचरा म्हणून रांजणगावला पाठवायचा. विकत आणलेलं निकेल टाकून द्यायलाही पुन्हा पैसे मोजायचे. हे मला सहन होत नव्हतं.

निकेल परत मिळतं, यात शंका नाही. कॉलममधलं रेझिन, म्हणजे ते मणी, निकेल धरून ठेवतं. ते भरलं की पातळ सल्फ्युरिक सोडायचं. आधी फिकं पाणी येतं, मग एकदम गडद हिरवं निकेल सल्फेट, आणि शेवटी पुन्हा फिकं, ज्यात ॲसिडच जास्त. मधलं तेवढं बाथसाठी ठेवायचं, शेवटचं पुढच्या रीजनरेशनच्या सुरुवातीला वापरायचं. बाथमध्ये घालण्याआधी पीएच निकेल कार्बोनेटने वर आणा, कॉस्टिकने नको, बाथमध्ये सोडियम साठत जातं. विक्रेता म्हणाला होता, "पूर्ण बाथ परत मिळेल." तसं होत नाही. बाथमधलं बोरिक ॲसिड आणि क्लोराइड हे रेझिन धरतच नाही, ते पाण्याबरोबर निघून जातं आणि वेगळं भरावं लागतं. तांबं, जस्त असेल तर तेही निकेलबरोबर परत येतं, म्हणून हल सेल टेस्ट (छोट्या पत्र्यावर प्लेटिंग करून बघायची चाचणी) केल्याशिवाय आम्ही एक थेंबही बाथमध्ये टाकत नाही.

आता तो व्हॉल्व्ह. हिरवं पाणी जिथून बाहेर येतं तो बॉल व्हॉल्व्ह जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आहे. खाली 50 लिटरचा कॅन जात नाही. बादलीसुद्धा जात नाही. जातो फक्त उथळ ट्रे. पोरगा ओरडतो, "शेठ, ट्रे भरला!" की व्हॉल्व्ह बंद करा, मग्ग्याने उपसा, पुन्हा चालू करा. गडद पाणी कधी संपलं आणि फिकं कधी सुरू झालं हे त्या गडबडीत नीट कळत नाही, तिन्ही भाग एकमेकांत मिसळतात. जे फरशीवर सांडतं ते गटारातून परत ईटीपीत. वर ते आम्लाचं पाणी, माणसं त्यात वाकून काम करतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एवढं महागडं मशीन बनवणाऱ्याने एकदा तरी स्वतः कॅन लावून बघायला नको होता? कंपनी म्हणते, स्टँड ऑप्शनल आहे. त्याचे त्यांनी सांगितलेले पैसे ऐकून मी गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून अँगलचा स्टँड करून घेतला. पण कॉलम उचलला की सगळी पायपिंग बदलते, आणि त्यांच्या युनियनची (पाइप जोडायच्या कपलिंगची) साइज आमच्या ओळखीच्या एकाही दुकानात मिळेना.

रेझिनबद्दल मात्र माझं मत बदललं आहे. पावसाळ्याआधी कोणी विचारलं असतं तर रेझिन हलक्या दर्जाचं आहे, घेऊ नका, असंच सांगितलं असतं. प्रेशर चढायचं, पाणी पुढे सरकायचं नाही, कॉलम लवकर भरायचा. कंपनीने नवीन रेझिनचं कोटेशन पाठवलं. आम्ही वरचं झाकण उघडून मूठभर रेझिन काढलं, तर मण्यांमध्ये पांढरी कचकच. रिन्सला बोअरचं पाणी आहे. त्यातलं कॅल्शियम रेझिनवर बसतं आणि सल्फ्युरिक सोडलं की जागच्या जागी जिप्सम होतं. युनिट विकताना त्यांनी फ्लो विचारला, निकेल किती ते विचारलं, पाण्याचा हार्डनेस कोणीच विचारला नाही. पातळ हायड्रोक्लोरिकने धुतल्यावर बरंच निघालं, रिन्सच्या लाइनवर सॉफ्टनर बसवला, आणि तेच रेझिन आज छान चाललंय. बाहेर सोडायच्या पाण्याचा रिपोर्ट निकेलच्या लिटरला 3 मिलीग्रॅमच्या मर्यादेच्या बराच खाली येतो.

अजून एक गोष्ट, जी विकणारा सांगणार नाही. निकेल बाथनंतर लगेच एक साध्या उभ्या पाण्याची ड्रॅग-आउट टाकी (जिगबरोबर आलेलं द्रावण पकडणारी) ठेवा. बाथ 55 अंशांना चालतो, पाणी उडत राहतं, ती तूट या टाकीतल्या पाण्याने भरायची. जिग बाहेर काढताना बाथवर थोडी निथळू द्यायची. असं परतणारं निकेल फुकट असतं, बोरिकसुद्धा त्यातून परत येतं. फक्त ब्राइटनरचा (चकाकीसाठी घालायच्या रसायनाचा) मळही परततो, त्यामुळे कार्बन ट्रीटमेंट (कार्बनने बाथ साफ करणं) लवकर करावी लागते. ही टाकी लावल्यापासून आमच्या कॉलमवरचा भार खूप उतरला आहे.

तुमचं शॉप एकाच बाथचं असेल तर आधी अशा दोन टाक्या लावा, काही महिने चालवा, रिन्समध्ये किती निकेल उरतंय ते लॅबमधून काढून घ्या आणि त्यानंतरच युनिटचं कोटेशन मागवा. हार्डनेसचा रिपोर्ट सोबत जोडा, आणि काढणीचा व्हॉल्व्ह दोन फूट उंचीवर असल्याचं ड्रॉइंगमध्ये दिसल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.