आधी कार्ड की आधी गोळी?

उमेदवार दारात आला की आरोग्याबद्दल नेमकं काय मागायचं? 'चांगली सोय करा' म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुढच्या घरी जातो. त्यापेक्षा आंध्र आणि तमिळनाडूने काय केलं, ते शेजारी-शेजारी ठेवून बघावं.

आंध्रने २००७ मध्ये 'आरोग्यश्री' आणली. गरीब कुटुंबाचं मोठ्या ऑपरेशनचं बिल सरकारी योजना भरणार, दवाखाना खासगी असला तरी. महाराष्ट्राने २०१२ मध्ये तीच वाट धरली. आधी आठ जिल्हे, पुढच्या वर्षी सगळं राज्य, तेव्हाची मर्यादा दीड लाख. तीच आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. दिल्लीची पाच लाखांची 'आयुष्मान' आली २०१८ मध्ये. राज्यांनी आधी चालवून दाखवलं, मग देशाने उचललं.

मिरजेत ही योजना शोभते. दवाखान्यांचंच गाव ते, कर्नाटकातूनही पेशंट येतात. आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा मदतनीस, गाठला, कागद जुळले, की काम होतं. पण जतच्या पूर्व भागात किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर योजनेचं कार्ड तेच असलं तरी ते चालवायला जवळ दवाखाना नाही.

कार्डाची खरी मेख वेगळीच आहे. ते चालतं मुख्यतः भरती झाल्यावर. बीपी-शुगरची रोजची गोळी त्यात बसत नाही. 'आयुष्मान'मध्ये घरी सोडल्यावरची औषधं मिळतात, तीही १५ दिवसांची. वर्षानुवर्षं गोळ्या चुकल्या आणि किडनी गेली, की डायलिसिसला मात्र योजना आहे! हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे.

तमिळनाडूने सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. ठरावीक, गरजेच्या औषधांची यादी केली. खरेदी थेट उत्पादकांकडून, प्रयोगशाळेत तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम. प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक दिलं, त्यात ठरलेली रक्कम. डॉक्टर लागेल तेवढं औषध गोदामातून उचलतो. कुठे काय खपतं ते कळतं, नको ते औषध माथी मारलं जात नाही. २०११ मध्ये राजस्थानने याच धर्तीवर मोफत औषध योजना सुरू केली. आणि २०२१ पासून तमिळनाडू बीपी-शुगरची औषधं घरपोच देतं.

गोळीने हृदयाची झडप बदलत नाही, हेही खरं. म्हणून तमिळनाडूनेही पुढे विमा योजना आणलीच. पण आधी औषधाचं घर सावरलं होतं. दिल्लीने राज्यांकडून कार्ड उचललं तेवढ्या जोमाने हे उचललं नाही. औषधाच्या गोदामाची फीत कापायला कोण मंत्री धावतो?

माझा कौल औषधाला. घराजवळ मोठा दवाखाना असेल आणि घरात ऑपरेशनचा पेशंट असेल, तर कार्डाचं महत्त्व तुम्हाला जास्त वाटेल, आणि ते रास्त आहे. बाकी तालुक्यांनी गोळी आधी मागावी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये औषध खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. सांगली आणि मिरजेची सिव्हिल मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिली. उमेदवाराला दोनच प्रश्न विचारा: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पासबुक कधी? आणि सिव्हिलला वेगळा न्याय का?