'क्रूझ री-एन्ट्री परमिट' काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी 'री-एन्ट्री परमिट' नावाचा वेगळा कागद नसतो. कुणी तो काढून देतो म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका. आमच्याकडून आई-बाबांसाठी त्याचे माणशी साडेचार हजार घेतले, आणि तो कागद हातात असूनही त्या दोघांना मरिना बे क्रूझ सेंटरच्या काउंटरवर अडवलं.

एजंट ओळखीतून आलेला. विमान, हॉटेल, सिंगापूर-पेनांग-सिंगापूर क्रूझ आणि व्हिसा, सगळं पॅकेजमध्ये. पैसे भरून झाल्यावर व्हॉट्सअॅपवर एकेक नवीन खर्च यायला लागला. सिंगापूर अरायव्हल कार्डाचे माणशी अठराशे. पेनांग मलेशियात, म्हणून तिथल्या डिजिटल अरायव्हल कार्डाचे दीड हजार. ही दोन्ही कार्डं खरोखर भरावी लागतात, म्हणून कुणालाच संशय येत नाही. पण दोन्ही फुकट असतात. सिंगापूरचं कार्ड तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या, संकेतस्थळावर पोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत आपलं आपण भरायचं असतं. गुगलवर शोधलं तर पैसे घेऊन ते भरून देणारी खाजगी संकेतस्थळंही दिसतात, हुबेहूब सरकारी वाटणारी. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट एसजी' नसेल तर तिथे पासपोर्टचा नंबर टाकू नका.

तरी या पैशांचं मला फार वाटत नाही. राग येतो तो व्हिसाचा.

क्रूझवर चढताना तुम्ही सिंगापूरमधून बाहेर पडता, तशी नोंद होते. चार दिवसांनी जहाज त्याच बंदरात परत आलं की तुम्ही नव्याने आत येता. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. माझ्या, बायकोच्या आणि मुलाच्या व्हिसावर 'मल्टिपल' होतं. आई-बाबांच्या व्हिसावर 'सिंगल'. कुणाला कोणता व्हिसा द्यायचा हे सिंगापूर सरकार ठरवतं, त्यात एजंटचा दोष नाही. पण ते पाहिल्यावर त्याने आम्हाला सांगायला हवं होतं. अजून वेळ होता. नव्याने अर्ज करता आला असता, नाहीतर क्रूझ रद्द करून जमिनीवरची सहल घेता आली असती. त्याऐवजी त्याने हा 'परमिट' तयार केला. वर जहाजाचं चित्र, खाली गोल शिक्का, बाजूला बारकोड. "काका, सिनियर सिटिझनना हा वेगळा काढावा लागतो," असं बाबांना फोनवर सांगितलं.

बाबा सत्तरीचे आहेत. काउंटरवरच्या मुलीला ते तो कागद पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिने तो वरिष्ठांना नेऊन दाखवला, परत आणून दिला आणि शांतपणे सांगितलं की असा कागद आम्ही ओळखत नाही. तिचं काही चुकलं नाही. योग्य कागदपत्रं आणण्याची जबाबदारी प्रवाशाची, हे क्रूझच्या तिकिटाच्या अटींतच असतं. आई-बाबांना परक्या शहरात ठेवून आम्ही चढणं शक्यच नव्हतं. पाचही जणांचं भाडं बुडालं.

क्रूझला जाणार असाल तर व्हिसाची पीडीएफ हातात येताच त्यावर किती प्रवेशांची परवानगी आहे ते स्वतः वाचा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, पण तिचा सिंगापूरच्या व्हिसाशी काही संबंध नाही. एजंट ही दोन्ही मिसळून बोलतात. मुंबई-गोवा क्रूझला आधार चालतं, ते ऐकून परदेशच्या क्रूझलाही आधार लागतं असं वाटू शकतं. लागत नाही. आमच्या एजंटने तरी सगळ्यांचं आधार आणि पॅन मागून घेतलं होतं. परत आल्यावर पहिलं काम म्हणून मी सगळ्यांचं आधार बायोमेट्रिक लॉक केलं.

पैसे यूपीआयवर एका बाईच्या वैयक्तिक खात्यात गेले होते, जीएसटीचं बिल कधी मिळालंच नाही. पण व्हॉट्सअॅपवरचं संभाषण, यूपीआयच्या पावत्या आणि तो परमिट जपून ठेवला होता, त्याचा आता उपयोग होतोय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे, पोलिसांत अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. एजंटला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ज्यांचे पैसे आत्ताच ऑनलाइन गेले असतील त्यांनी मात्र आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन लावा, तिथे पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

गेल्या आठवड्यात एजंटचा निरोप आला. परमिटचे नऊ हजार परत देतो, तक्रार मागे घ्या. बाबांनी स्वतः फोन करून त्याला नाही म्हणून सांगितलं.