वाळवंटात निघालेल्या जवानासाठी खरेदी, पोवई नाका

पुतण्याची पलटण जैसलमेरकडं सीमेवर निघालीय. म्हणून आपशिंग्याहून त्याला घेऊन साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या लष्करी सामानाच्या दुकानात गेलो. ऑपरेशन पराक्रमात, म्हणजे संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य पाकिस्तान सीमेवर उभं होतं तेव्हा, २००२ चा उन्हाळा मी थरच्या वाळूत काढलाय, त्यामुळं यादी माझीच.

सगळ्यात आधी गॉगल. साधा चष्मा तिथं कामाचा नाही, कडेनं बारीक वाळू शिरते आणि डोळे चोळून लाल होतात. इथं चेहऱ्याला घट्ट बसणारा, फोमच्या कडेचा मिळाला. दुकानदारानं तीन-चार घालून बघू दिले, घाई केली नाही. शेजारच्या हार्डवेअरमधून रंगाचे दोन छोटे ब्रश घेतले. रायफलीला तेल जास्त झालं की वाळू चिकटून बसते, रोज कोरड्या ब्रशनं झाडावीच लागते. शिवाय तोंड झाकायला मोठा सुती पंचा, मोज्यांचे सहा जोड, ओआरएसची पाकिटं.

बूट मात्र इथले घेऊ नका. सगळे चेनवाले होते, वाळूनं चेन अडकते. लेसचे दुसरीकडून घेतले आणि पोराला आठ दिवस ते घालून अजिंक्यतारा चढायला लावला. पहिल्या दिवशी टाचेला फोड आला. तो इथंच आला, बरं झालं.