लाँगबोर्डकडून शॉर्टबोर्डकडे जाताना: ६ फूट ४ इंचांच्या फिश बोर्डाचे परीक्षण

लाँगबोर्डवर, म्हणजे लांब सर्फबोर्डवर, हात बसलेल्या सर्फरला बुटक्या, चपळ शॉर्टबोर्डकडे वळायचे असेल, तर मधल्या टप्प्यासाठी सर्वाधिक सुचवला जाणारा बोर्ड म्हणजे फिश. बुटका, रुंद, जाडसर, मागच्या टोकाला व्ही आकाराची खोल खाच आणि तिच्या दोन बाजूंना बुडाला दोन फिन, म्हणजे पाण्यात पकड देणारी पाती, असा हा बोर्ड दिसतो शॉर्टबोर्डाच्या जवळचा, पण पाण्यावरचा त्याचा स्वभाव बराचसा लाँगबोर्डाचाच असतो. त्याची ही दुहेरी वृत्ती नवख्याच्या पथ्यावर पडते आणि पुढे तीच थोडी आडही येते. असा एक बोर्ड एक संपूर्ण मोसम वापरून पाहिल्यावर त्याचे गुणदोष येथे मांडत आहे.

हा बोर्ड ६ फूट ४ इंच लांब, सव्वाएकवीस इंच रुंद आणि पावणेतीन इंच जाड असून त्याचे आकारमान सुमारे ४१ लिटर आहे. आतला गाभा ईपीएस, म्हणजे हलक्या पॉलिस्टायरीन फोमचा, बाहेरचे कवच फायबरग्लास आणि इपॉक्सी रेझिनचे, आणि फिन लांब बुडाच्या व बसक्या, म्हणजे कील प्रकारच्या. यापूर्वी मी ९ फूट २ इंचांचा, सुमारे ७० लिटरचा, एकाच मोठ्या फिनचा लाँगबोर्ड वापरत असे. माझे वजन ७४ किलो आहे, आणि पुढचे सर्व शेरे हे आकडे लक्षात ठेवून वाचावेत, कारण ५५ किलोच्या सर्फरला हाच बोर्ड अवजड वाटेल आणि ९५ किलोच्या सर्फरला तो पाण्याखाली जातोय असे वाटेल.

बोर्ड बदलल्याची पहिली जाणीव लाट पकडताना नव्हे, तर नुसते बसताना होते. लाँगबोर्डवर माणूस बाकावर बसावे तसा बसतो, पण फिशवर बसताच बोर्ड मांड्यांखाली बुडतो, पाणी कमरेच्या वर येते आणि पुढचे टोक आकाशाकडे उचलले जाते. हे अगदी स्वाभाविक आहे, कारण ४१ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला, तरी त्यातून मिळणारी उचल बोर्डाचे स्वतःचे वजन वजा जाता ४० किलोंच्या आतबाहेरच राहते, आणि उरलेला भार पाण्यात बुडालेले शरीरच पेलते. पोटावर पडून वल्हवताना मात्र हा फरक वाटतो त्यापेक्षा कमी जाणवतो. या बोर्डाचा रॉकर, म्हणजे पुढून मागे जाणारा बुडाचा बाक, अगदी सपाट आहे आणि छातीखालची रुंदी भरपूर आहे, त्यामुळे दोन हात मारल्यानंतर बोर्ड जागीच थबकत नाही, थोडा तरंगत पुढे सरकतो. पडून राहण्याची योग्य जागा सापडली की पुढचे टोक पाण्याच्या दोन-तीन बोटे वर राहते. ही जागा लाँगबोर्डवर वीतभर मागेपुढे झाली तरी चालून जाते, येथे दोन इंच पुढे सरकले तरी टोक पाण्यात रुतते. डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, छातीखाली मेणाची एक आडवी रेघ ओढून ठेवली, तर हात लावूनच जागा कळते आणि दर वेळी अंदाज बांधावा लागत नाही.

लाट पकडण्याची जागा बदलते, आणि लाँगबोर्डवाल्याला सर्वांत जड जातो तो हाच बदल. लांब बोर्ड लाट अजून नुसता फुगवटा असतानाच गती घेतो, म्हणून त्यावरचा सर्फर इतरांपेक्षा बाहेर, खोल पाण्यात थांबू शकतो. फिश तेथे काहीच करत नाही. लाट उभी राहू लागते, तिची कड पातळ होऊ लागते, त्या ठिकाणी, म्हणजे काही मीटर किनाऱ्याच्या बाजूला थांबावे लागते आणि उठण्यासाठी मिळणारा वेळ निम्म्याहून कमी होतो. लाँगबोर्डवर एक गुडघा टेकून, मग दुसरा पाय ओढून घेत सावकाश उभे राहण्याची सवय असेल, तर ती येथे पहिल्याच लाटेत उघडी पडते. हात बोर्डाच्या कडांवर नव्हे, तर बरगड्यांशेजारी डेकवर सपाट टेकावे लागतात, कारण कड धरून रेटले की इतका बुटका बोर्ड लगेच त्या बाजूला कलतो. पुढचा पाय बोर्डाच्या मध्यरेषेवर पडायला हवा, आणि या बाबतीत सव्वाएकवीस इंचांची रुंदी खरोखर उपकारक ठरते. एकोणीस इंचांच्या शॉर्टबोर्डवर पाय थोडा चुकला की लाट गेलीच म्हणून समजावे, फिशवर तो सावरून घ्यायला एक क्षण मिळतो.

लाटेवर उभे राहिल्यानंतर मात्र हा बोर्ड पैसे वसूल करून देतो. कंबरेएवढ्या, मरगळलेल्या लाटेवर, जेथे शॉर्टबोर्डवरचा सर्फर सारखे पंप करूनही, म्हणजे पायांनी बोर्ड दाबत-सोडत गती घेऊनही, मागे पडतो, तेथे फिश सपाट बुडाच्या आणि रुंद शेपटीच्या जोरावर आपणहून धावतो. कील फिनच्या लांब बुडामुळे त्याला सरळ रेषेत जाण्याची ओढ असते, आणि कड पाण्यात घालून घेतलेले मोठे, ऐसपैस वळण तो न अडखळता पूर्ण करतो. लाँगबोर्डवर वजन पुढेमागे करण्यासाठी चालावे लागते, येथे पुढच्या पायाचा अंगठा दाबला किंवा टाच दाबली तरी पुरते. हा आनंद खरा आहे, आणि केवळ त्यासाठी हा बोर्ड घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

मर्यादा दिसते ती लाट डोक्याच्या उंचीची आणि उभ्या भिंतीची झाल्यावर. मागच्या पायावर भार टाकून बोर्ड जागच्या जागी वळवायला गेले, की दोन फिनमधली मोकळी जागा आपले अस्तित्व दाखवते आणि शेपूट घसरते. लाटेकडे पाठ करून जाताना हे अधिक होते. यामागचे कारण या बोर्डाच्या इतिहासातच सापडते. स्टीव्ह लिस याने १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोमध्ये हा आकार घडवला, तो गुडघ्यांवर बसून लाटा चालवण्यासाठी, त्यामुळे लांबी कमी आणि शेपूट रुंद ठेवणे त्याला सोयीचे होते. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने दोन फिनच्या बोर्डांना स्पर्धेत मानाचे स्थान मिळवून दिले आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे पटकावली. पण मोठ्या लाटांत दोन फिन घसरतात, या अडचणीतून सायमन अँडरसनने तीन फिनचा थ्रस्टर पुढे आणला आणि १९८१ साली बेल्स बीचवरच्या प्रचंड लाटांत तो वापरून स्पर्धा जिंकली. आज शॉर्टबोर्ड म्हटले की जो बोर्ड डोळ्यांसमोर येतो, तो मुख्यतः हा थ्रस्टरच. त्याच्यावर गती आपसूक मिळत नाही, मागचा पाय थेट फिनच्या वर ठेवून ती निर्माण करावी लागते.

म्हणूनच माझे मत असे बनले आहे की, फिश हा शॉर्टबोर्डाकडे नेणारा पूल असला, तरी तो पलीकडच्या काठाला पुरता टेकत नाही. लाट पकडण्याची नवी जागा, एका झटक्यात उभे राहणे आणि कडेवर वळणे या तीन गोष्टी तो उत्तम शिकवतो. चौथी गोष्ट, म्हणजे मागच्या पायाचे काम, तो शिकवत नाही, कारण पुढच्या पायावर रेलून राहण्याची लाँगबोर्डची सवय त्याच्यावर बिनबोभाट चालून जाते. कील फिन काढून उभ्या आकाराच्या दोन फिन आणि मध्ये एक छोटी तिसरी फिन लावल्यावर हे चित्र काहीसे सुधारले. शेपटीची पकड वाढली, वळणे आखूड झाली आणि त्या बदल्यात सरळ धावेचा वेग थोडा उतरला.

लाटा ओलांडून बाहेर जाणे ही या बोर्डाची सर्वांत कच्ची बाजू आहे. लाँगबोर्ड घेऊन जाताना फेसाळ पाणी समोर आले की बोर्ड उलटा करून त्याच्याखाली लटकता येते, आणि ३० लिटरचा शॉर्टबोर्ड खाली दाबून लाटेखालून डक डाइव्ह करता येतो. हा मधलाच ४१ लिटरचा, त्यातून हलक्या ईपीएस फोमचा. तो दाबला की अर्ध्यावर अडतो आणि फेसाने मागे ढकलला जातो. पुढचे टोक तिरपे करून एक कड आधी बुडवली तर काम थोडे सोपे होते, पण मोठ्या लाटांच्या दिवशी दमछाक टळत नाही. वाऱ्याने पाणी खडबडीत झाले असताना हाच हलकेपणा पायांखाली टकटक जाणवतो, जड पॉलियुरेथेन फोमचा बोर्ड अशा पाण्यात अधिक शांत राहतो.

बांधणीबद्दल एकच तक्रार आहे, पण ती गंभीर आहे. शेपटीच्या खाचेचा आतला कोपरा हा अशा बोर्डांचा नाजूक भाग असतो, आणि येथे लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारा दोर, अडकवण्याची खुंटी त्या कोपऱ्याला इतकी जवळ आहे की, लीशची बारीक दोरी थोडी लांब राहिली तरी कडेवर घासते. मोसम संपेपर्यंत तेथे केसाएवढी चीर दिसू लागली होती. ईपीएस फोम चिरेतून पाणी शोषतो, त्यामुळे अशा वेळी बोर्ड लगेच बाहेर काढून पूर्ण वाळवावा आणि दुरुस्तीला इपॉक्सीच वापरावे, कारण पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन हा फोम विरघळवते. तापलेल्या गाडीत तो ठेवून जाणेही टाळावे.

लाँगबोर्डवर डावीकडे आणि उजवीकडे लाटेच्या अंगाने तिरपे जाणे ज्यांना सहज जमते, त्यांनी हा बोर्ड अवश्य घ्यावा. फुटलेल्या फेसातच सरळ किनाऱ्याकडे येणाऱ्यांनी मात्र थांबावे, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या लाटा यामुळे फक्त कमी होतील. आकार निवडताना वजनाच्या किलोमागे अर्धा लिटर ते ०.६ लिटर हा ढोबळ हिशेब धरावा आणि शंका असल्यास मोठ्या आकड्याकडे झुकावे. पुढे थ्रस्टरच चालवायचा असा निश्चय असेल, तर मधल्या तिसऱ्या फिनसाठी खाच असलेलाच बोर्ड पाहून घ्यावा, कारण ती नसली तर नंतर बसवून घेण्यासाठी बोर्ड कापावा लागतो.