‘समुद्रात टाकल्यावरच कळेल’ म्हणणाऱ्याला जेट स्की दुरुस्तीचे पैसे देऊ नका

माझ्या धाकट्या भावाला ज्या पद्धतीनं लुबाडलं, ती नाशिकसारख्या समुद्रापासून लांब असलेल्या गावातच चालते. म्हणून नाशिककरांसाठी हे सविस्तर लिहितेय.

भाऊ अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर जेट स्की चालवतो. एकच स्की, तीन सीटची, सेकंडहँड, तीही कर्ज काढून घेतलेली. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तेव्हा तो ती ट्रेलरवर घालून कसारा घाट चढवून नाशिकला घरी आणतो आणि सप्टेंबरच्या तोंडावर परत नेतो. गेल्या हंगामाच्या शेवटी हलमध्ये, म्हणजे स्कीच्या खालच्या पोकळ सांगाड्यात, पाणी यायला लागलं होतं. संध्याकाळी ट्रेलरवर चढवून मागचे ड्रेन प्लग काढले की बादलीभर पाणी निघायचं. घरी आणल्यावर त्यानं अंबडकडच्या एका फायबर वर्कशॉपमध्ये ती दाखवली. हा माणूस पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर, गार्डनमधल्या घसरगुंड्या असं सगळं करतो आणि बोटींचंही करतो म्हणून सांगतो.

त्यानं स्की एका अंगावर कलती करून घेतली, तळावर हातोडीच्या दांड्यानं ठोकून दाखवलं आणि जेलकोटवरच्या (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या) बारीक जाळीसारख्या चिरांवर बोट ठेवलं. “ताई, तळच गेलाय. पाणी इथूनच येतंय. पूर्ण फायबर मारावं लागेल.” खर्च 42,000 रुपये. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. मी त्याच वेळी विचारलं होतं, पाणी थांबलं की नाही ते कसं बघायचं? त्यावर तो म्हणाला, “ते समुद्रात टाकल्यावरच कळेल ना ताई. इथं कुठं टाकणार?”

सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे. गंगापूर धरण शहराला पिण्याचं पाणी पुरवतं, तिथं कुणी उठून आपली स्की परवानगीशिवाय उतरवू शकत नाही. नागावचा समुद्र अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पैसे नाशिकला द्यायचे आणि काम झालं की नाही ते नागावला कळणार, तेही हंगाम सुरू झाल्यावर, जेव्हा एक दिवस स्की बंद ठेवणंही परवडत नाही. त्याला हे पक्कं माहीत होतं.

स्की परत मिळाली तेव्हा तळ आरशासारखा चकचकीत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं फोटोही पाठवले, पण सगळे रंग मारल्यानंतरचे. घासल्यानंतरचा किंवा काचेचं कापड (रेझिनमध्ये भिजवून फायबरचा थर करतात ते) बसवतानाचा एकही नव्हता. बिल म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘फायबर मॅटिंग, पेंट, लेबर’ एवढंच.

सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात स्की पाण्यात बसायला लागली. मागची बाजू जड, वेग नाही आणि सीट उघडली तर आत इंजिनाच्या खालच्या भागापर्यंत खारं पाणी. नशीब बरं, ते पाणी इंजिनात शिरलं नव्हतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं असतं तर इंजिनच हातचं गेलं असतं.

नागावच्या एका जुन्या मेकॅनिकनं गळती कशी शोधली ते नीट सांगते, कारण हे नाशिकच्या अंगणातही जसंच्या तसं करता येतं. त्यानं बॅटरी काढली, हल आतून कोरडा पुसला, ड्रेन प्लग घट्ट लावले आणि ट्रेलरची पुढची बाजू थोडी उचलून घेतली. मग बागेच्या पाइपनं आत पाणी सोडलं. शाफ्ट (इंजिनापासून मागच्या जेट पंपाला फिरवणारा दांडा) जेमतेम बुडेल एवढंच, स्टार्टर आणि वायरिंगच्या बरंच खाली. (शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ट्रेलरचे आधार मजबूत नसतील तर हे करू नये.) बाहेरून सगळा तळ फडक्यानं कोरडा केला आणि थांबला. आतलं पाणी जिथून बाहेर येतं, तिथूनच पाण्यात असताना बाहेरचं आत येतं. तळाला एक थेंब नाही. थेंब आले ते मागे, जेट पंपाच्या बोगद्यात, जिथून शाफ्ट हलच्या बाहेर पडतो तिथून.

भावाची स्की सी-डू या ब्रँडची. तिच्यात शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथं कार्बनची एक रिंग असते. ती फिरत नाही. मागचा रबरी बूट तिला शाफ्टबरोबर फिरणाऱ्या स्टीलच्या रिंगवर दाबून धरतो आणि त्या दाबावरच पाणी अडतं. कार्बन झिजला किंवा रबर सैल पडलं की पाणी आत उडतं. झीज ओळखायची खूण म्हणजे आजूबाजूला साचलेली काळी भुकटी. आमच्या हलमध्ये ती भुकटी होती आणि तिच्यावरच त्या वर्कशॉपवाल्यानं सिलिकॉन थापलं होतं. म्हणजे पाणी कुठून येतंय ते त्याला दिसलं होतं. तरी तळाचे पैसे घेतले. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

मेकॅनिकनं तळावरचा रंगही एका जागी खरवडून दाखवला. खाली गुलाबीसर पुट्टी, गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती. तिच्याखाली मूळचा हल ठणठणीत, फक्त ग्राइंडरनं ओरबाडलेला. काचेच्या कापडाचा एक धागा नाही. जेलकोटवरच्या त्या बारीक चिरा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. पाणी आत यायला चीर फायबरच्या आरपार जावी लागते. नाणं वाजवत गेलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटले असतील तिथं पोकळ, मंद येतो.

खरोखर तळ फुटलेला असेल तर काम कसं व्हायला हवं, हे त्या निमित्तानं शिकले. चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे धावत नाही. कडा लांबवर उतरत्या घासायच्या. हल पूर्ण वाळू द्यायचा. बऱ्याच स्कींचे हल साच्यात दाबून बनवलेल्या एसएमसीचे (काचेचे धागे मिसळलेल्या रेझिनच्या पत्र्याचे) असतात, त्यावर साधं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. एपॉक्सी हे जास्त घट्ट चिकटणारं रेझिन लागतं आणि एपॉक्सीबरोबर विणलेलं कापड, तुटक्या धाग्यांची साधी चुरा मॅट नव्हे. सी-डू स्पार्कचा हल तर फायबरचा नसून पॉलिटेक नावाच्या प्लास्टिकचा, त्यावर फायबर मारतो म्हणणाऱ्याला स्कीला हातच लावू देऊ नका. पुट्टी ही शेवटी पृष्ठभाग सारखा करायला असते, पाणी अडवायला नाही. सिलिकॉनचं आणखी एक नुकसान म्हणजे ते एकदा लागलं की त्या जागी पुढे एपॉक्सीही धरत नाही. आमचा शाफ्टभोवतीचा भाग साफ करण्यातच मेकॅनिकचा बराच वेळ गेला. कार्बन रिंग आणि बूट बदलायचा खर्च त्या 42,000 पुढे किरकोळ होता.

पाणी भरून सगळंच कळत नाही. कूलिंगचा पाइप किंवा एक्झॉस्टचा होज फक्त इंजिन चालू असताना गळतो. त्यासाठी फ्लशिंगचा पाइप जोडून थोडा वेळच इंजिन चालवून बघायचं. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात जाऊ शकतं. डेक (स्कीचा वरचा भाग) आणि हल जिथं जोडलेत त्या रबरी पट्टीखालचा सांधा बाहेरून पाण्याचा फवारा मारून तपासायचा, आत टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची वाट लगेच दिसते. स्टीअरिंग आणि रिव्हर्सच्या केबल हलमधून जातात तिथले नट, ड्रेन प्लगच्या ओ-रिंगा, हेही बघायचं. हलमधलं पाणी ओढून काढणाऱ्या नळ्यांना वर एक वळसा आणि त्यात बारीक भोक असतं. ते बुजलं तर इंजिन बंद असताना पाणी उलटं आत येतं.

भावानं त्या माणसाला फोन केला तेव्हा उत्तर आलं, “मी फायबरची गॅरंटी दिली होती दादा, पाण्याची नाही.” दुसऱ्या वेळी म्हणाला, समुद्रात कुठं तरी आपटली असेल. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

आम्ही आधी वकिलाची नोटीस पाठवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. अशी तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सुरुवातीला काय करायचं ते विचारायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. समोरच्यानं उत्तरात म्हटलं, स्की धंद्यासाठी आहे म्हणून हा ग्राहकच नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर ‘व्यावसायिक’ धरत नाहीत. भाऊ स्वतः स्की चालवतो, एकच आहे, कर्ज त्याच्या नावावर आहे, हे सगळं आम्ही जोडलंय. खरवडलेल्या पुट्टीचे तुकडे, सिलिकॉनसकट जुना बूट आणि पाणी ठिबकतानाचा व्हिडिओही. निकाल यायचाय.

ज्यांच्या स्की किंवा फायबरच्या छोट्या बोटी आत्ता नाशिकच्या वर्कशॉपमध्ये आहेत, त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी जॉबकार्डवर एवढं लिहून घ्यावं: ‘दुरुस्तीआधी हलमध्ये पाणी भरून गळतीची जागा मालकाला दाखवणार, दुरुस्तीनंतर तसंच पाणी भरून दाखवणार, काढलेले सगळे जुने भाग परत देणार, उरलेली रक्कम त्यानंतर.’ सही घ्यावी आणि जीएसटीचं बिल मागावं. काचेचं कापड बसवताना स्वतः जाऊन फोटो काढावेत. लिहून द्यायला तयार नसेल तर ट्रेलर जोडून स्की घरी आणावी आणि पाइप लावून आधी स्वतः पाणी भरून बघावं.