हीटिंग प्लेट ब्रूडर: बल्बपेक्षा सरस, पण थंडीत जपून

ब्रूडर म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांना ऊब देणारे साधन; ही ऊब बल्बने देतात किंवा पिल्ले जिच्याखाली शिरून बसतात अशा तापणाऱ्या प्लेटने. बल्ब चोवीस तास जळतो, त्यामुळे पिल्लांना अंधार मिळतच नाही. काही झोपलेली, काही त्यांच्या अंगावरून धावणारी. प्लेटखाली मात्र कोंबडीच्या पंखाखाली असतो तसा अंधार असतो. सगळी एकत्र विसावतात, एकत्र टिपायला निघतात. पुढे एकमेकांची पिसे टोचणेही कमी होते, आणि हाच या प्लेटचा सर्वांत मोठा गुण.

पहिल्या दिवशी प्लेट पिल्लांच्या पाठीला जेमतेम टेकेल इतकी खाली हवी. वाढीप्रमाणे वर घ्या. खाद्य प्लेटच्या कडेलगत कागदावर पसरा, कारण दाणा कोणता आणि खाली अंथरलेले तूस कोणते हे पिल्लू टोचूनच शिकते. उणीव गंभीर आहे: प्लेट हवा तापवत नाही. गारठ्यात पिल्ले बाहेरच पडत नाहीत, खाणे घटते.