एडब्ल्यूएस सिग्नेचर व्हर्जन ४: सिक्युरिटी एक नंबर, पण स्वतः कोड लिहायला बसलात तर संपलात

बाकी बऱ्याच एपीआयना (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय) रिक्वेस्टच्या हेडरमध्ये एक टोकन कोंबलं की काम होतं, मग एडब्ल्यूएसनेच (अमेझॉनचं क्लाउड) रिक्वेस्टवर सही करायचा हा उपद्व्याप, म्हणजे सिग्नेचर व्हर्जन ४, कशाला ठेवलाय असं मला आधी वाटायचं. आता मत बदललंय, पण अर्धंच.

चांगलं आधी सांगतो. तसलं टोकन (बेअरर टोकन) ज्याच्या हातात पडलं तो राजा, लॉगमध्ये छापलं गेलं तर एक्स्पायर होईपर्यंत कोणीही वापरावं. एडब्ल्यूएसमध्ये सिक्रेट की (तुमची गुप्त किल्ली) नेटवर्कवर जातच नाही. तिच्यावर तारीख, रीजन (डेटासेंटरचा भाग), सर्व्हिसचं नाव असं एकामागोमाग टाकून एचमॅक-शा२५६ (गुप्त की वापरून ठसा काढायची पद्धत) फिरवतात, त्यातून साइनिंग की निघते आणि सही तिने होते, त्यामुळे ती साइनिंग की फुटलीच तरी दुसऱ्या रीजनला किंवा दुसऱ्या सर्व्हिसला तिचा उपयोग शून्य. बॉडीचा, म्हणजे पाठवलेल्या डेटाचा, हॅशही (ठसा) सहीमध्ये असतो (एस३ मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सर्व्हिसमध्ये, तो वगळायची सोय आहे, पण ते जाऊ दे), म्हणजे मध्ये कोणी डेटा बदलला की रिक्वेस्ट बाद. टाइमस्टॅम्पही असतो, एस३ ला १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, तेव्हा सर्व्हरचं घड्याळ भरकटलं असेल तर कोड कितीही वाचा, काही सापडणार नाही, एनटीपी (घड्याळ जुळवणारी सोय) बघा.

आता डोकेदुखी. सही करायच्या आधी रिक्वेस्ट ठरलेल्या साच्यात लिहावी लागते, क्वेरी पॅरामीटर क्रमाने लावा, हेडरची नावं स्मॉल लेटरमध्ये, स्पेसला प्लस नाही तर पर्सेंट वीसच (%20), आणि कहर म्हणजे पाथ एस३ साठी एकदाच एन्कोड करायचा पण बाकी सर्व्हिसेसना दोनदा! का, तर असंच. एक बाइट इकडचा तिकडे झाला की ४०३ (प्रवेश नाकारला) आणि ‘सिग्नेचर डझ नॉट मॅच’. कुठे चुकलं ते नाही सांगत. त्यातल्या त्यात एस३ भला, तो एररमध्येच त्याने स्वतः बनवलेली कॅनॉनिकल रिक्वेस्ट (साच्यात लिहिलेली रिक्वेस्ट) परत पाठवतो, ती आणि आपली शेजारी ठेवून डिफ मारा (ओळीला ओळ ताडा), फरक लगेच दिसतो. मध्ये प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल तर तो होस्ट हेडर बदलतोय का तेही तिथेच कळतं.

म्हणून हे हाताने लिहू नका. बोटो३ (पायथनसाठी) किंवा तुमच्या भाषेचा एसडीके (एडब्ल्यूएसची तयार लायब्ररी) घ्या, नुसतं टेस्टिंग असेल तर कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) मध्येच एडब्ल्यूएस-सिगव्ही४ नावाचा ऑप्शन आहे, ७.७५ व्हर्जनपासून, पोस्टमनमध्ये (एपीआय टेस्ट करायचं अ‍ॅप) पण आहे.

आणि कितीही भारी सही असली तरी सिक्रेट की गिटमध्ये (कोडच्या इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) कमिट केली की खेळ खल्लास. ‘एकेआयए’ ने सुरू होणारी कायमची की शक्यतो वापरूच नका, आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधली परवानग्या दिलेली ओळख) लावा, त्यातून ‘एएसआयए’ वाली टेम्पररी की मिळते. तिच्यासोबत सेशन टोकनही पाठवावं लागतं, तेच विसरलं जातं आणि मग टोकन इनव्हॅलिड आहे अशी एरर येते, बघणाऱ्याला वाटतं कुठलं टोकन बाबा, मी तर पाठवलंच नाही. कायमची की वापरणं भागच असेल तर एका युजरला दोन कीज ठेवता येतात, नवीन चालू करून मग जुनी बंद करा, सर्व्हिस बंद पडत नाही.

प्रीसाइन्ड यूआरएल (आधीच सही केलेल्या लिंक) मात्र मला जाम आवडतात, फाइल थेट एस३ वर अपलोड, आपल्या सर्व्हरवर लोड नाही. जास्तीत जास्त ७ दिवस चालतात, पण टेम्पररी कीने बनवली असेल तर की एक्स्पायर झाली की लिंकही मेली, मग तुम्ही ७ दिवस टाका नाहीतर काहीही.

माझे मार्क: सिक्युरिटीला ५ पैकी साडेचार, एरर मेसेजना दीड, तोही एस३ मुळे.